शेतवस्तीवरील न्हाणीसाठी सजीव आडोसा: झुडपे निवडताना पावसाळा नव्हे, मे महिना पाहा

बीड जिल्ह्यात अनेक कुटुंबे गावठाण सोडून शेतातच वस्ती करून राहतात. घर पक्के होते, पण न्हाणी आणि शौचालयाच्या बाजूला आडोसा असतो तो जुन्या साड्यांचा, पळाट्यांचा नाहीतर शेडनेटचा. वाऱ्याने तो फाटतो, वाळवी लागते आणि दर वर्षी नव्याने उभा करावा लागतो. तोवर घरातील बायकांना उजाडण्याआधीच आंघोळ उरकावी लागते. भिंत बांधणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा ठिकाणी झुडपांचा दाट पट्टा कमी खर्चात कायमचा आडोसा देतो. मात्र जुलैमध्ये रोपवाटिकेत हिरवेगार दिसणारे प्रत्येक रोप मे महिन्यात आडोसा देईलच असे नाही.

निवडीपूर्वी तीन प्रश्न

१. भर उन्हाळ्यात पाने टिकतात का?
२. शेळ्या-मेंढ्या खातात का?
३. पहिल्या उन्हाळ्यात लागणारे पाणी घरातून निघेल का?

यासाठी सोपा उपाय आहे. मे महिन्यात आपल्या शिवारात फेरी मारा. मोकाट चराईच्या वाटेवर जी झुडपे पाण्याविना हिरवी उभी दिसतील, ती तुमच्या जमिनीची खरी निवड समजा.

आपल्या भागातील सीताफळाचेच उदाहरण घ्या. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर ते उत्तम येते, शेळ्या खात नाहीत आणि फळही मिळते. बांधावर ते जरूर लावा. पण हिवाळ्याच्या शेवटी त्याची पाने गळतात आणि ऐन उन्हाळ्यात फांद्या उघड्या राहतात. न्हाणीच्या आडोशाला त्यामुळे ते एकटे पुरत नाही. गिरिपुष्प आणि मोगली एरंड यांचेही असेच आहे. दोन्ही फाट्यांपासून सहज लागतात, पण कोरड्या हंगामात विरळ होतात.

आडोशासाठी योग्य झुडपे

अडुळसा: थोड्या पाण्यावरही वर्षभर पाने टिकवतो. जनावरे तोंड लावत नाहीत. तीन-चार डोळ्यांच्या फाट्यांपासून लागवड होते. बुडापासून फुटत असल्याने खालची बाजू मोकळी पडत नाही. अर्धवट सावलीतही वाढतो.

निर्गुडी: पुरुषभर उंचीच्या वर जाते, वारा अडवते, जनावरे खात नाहीत. अगदी कोरड्या जागी उन्हाळ्यात विरळ होते, पण सांडपाण्याचा ओलावा मिळाला तर दाट राहते.

मेंदी: हलक्या जमिनीत आणि कमी पाण्यात तग धरते. छाटणीला चांगला प्रतिसाद देते. पाला घरी वापरता येतो.

करवंद: काटेरी, सदाहरित आणि फळ देणारे. वाढ सावकाश असल्याने याच्यावर लगेच आडोशाची भिस्त ठेवू नका. शेताच्या बाजूच्या कुंपणाला ते अधिक योग्य.

विलायती चिंच: काटेरी असून दाट कुंपण होते. पाला मात्र शेळ्यांना फार आवडतो. पहिली दोन वर्षे राखण करता येत असेल तरच लावावी.

साधी आणि भरवशाची जोडी हवी असेल, तर बाहेरच्या ओळीत निर्गुडी आणि आतल्या ओळीत अडुळसा घ्यावा. निर्गुडी उंची देते, अडुळसा खालची फट भरतो. एखाद्या झाडाला रोग-कीड लागली, तरी दुसरे उभे राहते.

काय टाळावे?

- कन्हेर आणि बिट्टी उन्हाळ्यात हिरवी राहतात, पण त्यांचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले किंवा जनावरे असलेल्या वस्तीवर लावू नयेत. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात गेल्या तरी जनावर दगावू शकते.
- शेराचा चीक डोळ्यांना घातक असतो. न्हाणीजवळ नको.
- कोनोकार्पस झपाट्याने वाढतो, म्हणून शहरांत लोकप्रिय झाला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपणही त्याच्या नादी लागू नये.
- घाणेरी आणि सुबाभूळ बियांपासून पसरतात आणि पुढे शेतात तण होऊन बसतात.

पाण्याचा हिशेब

पूर्ण घराभोवती कुंपण करण्याचा मोह होतो. चारही बाजूंनी ३० मीटर, म्हणजे १२० मीटर लांबीला दोन ओळींत सुमारे ४०० रोपे बसतात. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला आठवड्याला ५ लिटर धरले, तरी २,००० लिटर, म्हणजे २०० लिटरचे १० बॅरल लागतात. टँकरवर तहान भागवणाऱ्या वस्तीला हे झेपत नाही आणि रोपे मार्चमध्येच वाळतात.

त्याऐवजी पहिल्या वर्षी फक्त न्हाणीच्या उघड्या बाजूचा १० मीटर पट्टा घ्या. दोन ओळींत ३४ रोपे बसतात. त्यांना आठवड्याला १७० लिटर पुरते. एका माणसाच्या आंघोळीला १५ लिटर धरले, तर पाच माणसांचे आठवड्याचे सांडपाणी ५२५ लिटर होते. घरातील जोडपे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले आणि मागे दोन वडीलधारी माणसे राहिली, तरी २१० लिटर निघते. म्हणजे न्हाणीचा आडोसा न्हाणीच्याच पाण्यावर जगतो, वेगळा हंडा वाहावा लागत नाही.

हे पाणी आधी दगड-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून गाळून चरात सोडावे. एकाच जागी साचू देऊ नये, चराला हलका उतार द्यावा. कपडे धुण्याच्या सोड्या-पावडरीचे पाणी यात मिसळू नये. त्याने जमीन, विशेषतः काळी जमीन, घट्ट होते.

लागवड

- मे महिन्यात ७५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी खोल चर काढून तापू द्यावा. न्हाणीच्या भिंतीपासून किमान दीड मीटर अंतर ठेवावे.
- वरची माती आणि कुजलेले शेणखत भरावे. आष्टी, पाटोदा, धारूर भागातील मुरमाड जागेत तलावाचा गाळ मिसळावा. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत वाफा १५ ते २० सेंमी उंच करावा.
- पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन ओळींत ४५ सेंमी आणि ओळीतील दोन रोपांत ६० सेंमी अंतर ठेवून त्रिकोणी पद्धतीने लावावे.
- पावसाळा संपण्याआधी नांग्या भराव्यात.
- दिवाळीपूर्वी बुंध्याशी पाचट किंवा तुरीच्या भुशाचे आच्छादन करावे.

नंतरची काळजी

रोप दीड फुटाचे झाले की शेंडा खुडा. जीव तुटला तरी खुडाच, नाहीतर झुडूप उंच वाढते आणि खालून आरपार दिसते. छाटताना बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवा. आडोसा दाट होईपर्यंत साडी किंवा शेडनेट काढू नका. बुडाशी पालापाचोळ्याचे ढीग साचू देऊ नका, तिथे विंचू-सापांना थारा मिळतो. घराची दर्शनी बाजू मात्र कमरेइतकीच ठेवा, म्हणजे अंगणात कोण आले ते दिसते.

शेजाऱ्याच्या बांधाला लागून लावायचे असेल, तर आपल्या हद्दीत किमान एक मीटर आत लावा आणि आधी त्यांच्या कानावर घाला. करंज, कडुनिंबासारखी मोठी झाडे भिंतीपासून पाच मीटर दूर असावीत. काळ्या जमिनीत मुळांनी ओल ओढली की भिंतीला तडे जातात.

पहिला उन्हाळा निघाला की दुसऱ्या पावसाळ्यात याच झुडपांच्या फाट्यांपासून पुढची बाजू लावता येते. तेव्हा रोपे विकत घ्यावी लागत नाहीत आणि आपल्या जमिनीत कोणते झाड टिकते, हेही कळलेले असते.