एका टाक्याचा स्वेटर

विणकाम शिकणाऱ्या मुलीच्या सुयांवर पहिली पट्टी असते ती नुसत्या सुलट टाक्यांची. जातानाही सुलट, येतानाही सुलट. वीतभर विणून झाले की शिकवणारी काकू म्हणते, ‘आता उलट टाका बघ,’ आणि ही वीण मागे पडते. मफलर किंवा बाळाचे पांघरूण यापलीकडे तिला फारसे कोणी विचारत नाही. इंग्रजी पुस्तकांत गार्टर म्हणतात ती हीच. वास्तविक मोठ्या माणसाचा अख्खा पुलओव्हर या एका टाक्यावर निघतो, तोही छापील नमुना समोर न ठेवता.

हे जमते ते या विणीच्या मापामुळे. दर दोन ओळींना कापडावर एक आडवी वळी उठते, आणि एका वळीची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. मध्यम लोकरीवर 10 सेंमीत 20 टाके बसत असतील, तर उंचीच्या 10 सेंमीतही 20 वळ्या येतात. म्हणजे 48 टाके घालून 48 वळ्या विणल्या की 24 सेंमीचा चौकोन तयार! एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा नेहमीच्या विणीत टाका रुंद आणि ओळ बुटकी असते. तिथे बाजूने टाके उचलायचे तर त्रैराशिक मांडावे लागते. शिवाय त्या कापडाच्या कडा गुंडाळतात. गार्टरमध्ये दोन्ही अंगांचा ताण सारखा, म्हणून चौकोन ताटासारखा सपाट पडतो.

होटगीकरांना मापाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सोलापूरजवळच्या या जंक्शनात वाडीकडे जाणारा ब्रॉडगेज आणि विजापूर-गदगकडे जाणारा मीटरगेज कित्येक दशके शेजारी नांदले. एकाच्या रुळांमधले अंतर 1.676 मीटर, दुसऱ्याच्या 1 मीटर. याचा डबा त्यावर चालत नसे. पुढे गदग मार्गही ब्रॉडगेज झाला, तेव्हा कुठे तो तिढा सुटला. असे चौकोन जोडून केलेल्या स्वेटरचेही तसेच आहे. सगळ्या तुकड्यांचे माप एक असेल, तर कोणताही तुकडा कोणत्याही बाजूने दुसऱ्याला जुळतो. म्हणून आधी थोडी लोकर खर्चून नमुन्याचा चौकोन विणायचा आणि पट्टी लावून मोजायचा. हात सैल असेल तर सुई एक नंबर बारीक घ्यायची, घट्ट असेल तर जाड.

आता हिशेब बघा. घेर 96 सेंमी हवा. म्हणजे पुढे 48 आणि पाठीला 48. पुढच्या बाजूला 24 सेंमीचे दोन चौकोन शेजारी, त्यांवर आणखी दोन, आणि खांद्याशी 48 टाक्यांचे, 24 वळ्यांचे दोन अर्धे तुकडे. उंची झाली 60 सेंमी. पाठही अशीच. खांदे जोडताना मध्ये 24 सेंमी उघडे सोडले की गळा झाला. बगलेपासून खांद्यापर्यंत पुढे 48 आणि मागे 48 वळ्या येतात. प्रत्येक वळीतून एक टाका उचलला की बाहीसाठी 96 टाके सुईवर. दर तिसऱ्या वळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत गेले की 72 वळ्यांनी मनगटापाशी 48 उरतात. मग हाताच्या लांबीप्रमाणे सरळ विणून बंद करायचे.

खरी गंमत आकारांत आहे. दर ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवला, तर काटकोनी टोकाचा त्रिकोण उमलतो. हव्या त्या रुंदीनंतर तसाच घटवला की शंकरपाळी. दुसरा प्रकार कोपऱ्यातून चालणारा: 49 टाके घालायचे आणि एकाआड एक ओळीत मधल्या तीन टाक्यांचा एक करायचा. टाके 49, 47, 45 असे उतरत शेवटी 1 उरतो, आणि हातात साधारण 12 सेंमीचा चौकोन येतो, मधोमध तिरकी रेघ असलेला. 1 ते 49 या विषम संख्यांची बेरीज 25 चा वर्ग, 625. शाळेतले सूत्र इथे बोटांना कळते. रंग बदलत विणलेले असे चार चौकोन तिरक्या रेघा आत करून जोडले, तर रंगांची वलये एकात एक बसतात.

इंग्लंडमधले गणिताचे शिक्षक पॅट अ‍ॅशफोर्थ आणि स्टीव्ह प्लमर यांनी याच मोजणीतून गणिती आकृत्यांची कितीतरी पांघरुणे विणली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांचे 1968 चे बाळाचे जॅकेटही गार्टरचेच. सुईवरून उतरते तेव्हा नुसते वेडेवाकडे कापड, नीट घडी घातली की जॅकेट. आपल्याकडे भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षीही धाग्यांच्या मोजणीतूनच उतरते. फक्त ती मोजणी जॅकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांत आधीच बांधलेली असते. इथे ती विणणारीच्या तोंडी असते.

लोकर मात्र बाहेरूनच आणावी लागते. दख्खनी मेंढीची लोकर राठ. घोंगडीला उत्तम, अंगाला टोचणारी. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुधा अ‍ॅक्रिलिक असते, त्याला लोकरीची लवचिकता नाही. गार्टर लोकर खातेही जास्त; मोठ्या पुलओव्हरला पाचशे-सहाशे ग्रॅम सहज लागते, आणि स्वतःच्या वजनाने तो खाली लोंबतो. त्यावर उपाय म्हणजे एकाआड एक चौकोन आडवा फिरवून लावायचा. वळ्या उभ्या-आडव्या झाल्या की लोंबणे कमी होते आणि नक्षी फुकट मिळते.

चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात मांडीवर अख्खा स्वेटर घेऊन बसणे नको वाटते. चौकोन तेवढा जड होत नाही. पिशवीत मावतो, विजापूरच्या गाडीत विणता येतो. चुकलाच तर तेवढाच उसवायचा. इथली थंडी दीड-दोन महिन्यांची, त्यामुळे स्वेटर झिजायच्या आधी पोर मोठे होते. अशा वेळी खालच्या कडेचे टाके उचलून चौकोनांची आणखी एक रांग विणायची, उरलेल्या कोणत्याही रंगाची. एका हिवाळ्यापुरते विणलेले मग तीन हिवाळे पुरते.