‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

संगणकातलं थोडंफार कळणाऱ्या माणसाला रात्री अकराला येणारा निरोप ठरलेला असतो : “प्रिंटर चालत नाही. अर्जंट.” मदत करायची इच्छा असते, पण करायचं काय, हेच त्यातून कळत नाही.

गैरसमज : अडचण चार शब्दांत सांगितली की उत्तर लवकर मिळतं.
वस्तुस्थिती : चार शब्दांत सांगितलं की उलटतपासणी सुरू होते. दिवा लागत नाही, कागद अडकतो, की कागद कोराच बाहेर येतो? तिन्हींची कारणं निराळी. समोरच्याला तुमचा स्क्रीन दिसत नसतो. म्हणून यंत्राचं मॉडेल, विंडोज १० की ११, तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं पहिल्याच निरोपात लिहावं. ‘कालपर्यंत चालत होतं’ असं असेल तर काल रात्री काय बदललं तेही. (‘काहीच नाही’ या उत्तरावर माझा सहसा विश्वास बसत नाही.)

गैरसमज : एरर मेसेज ही यंत्राची बडबड.
वस्तुस्थिती : विंडोजच्या एरर कोडमध्ये ८००७०००५ दिसलं तर परवानगी नाकारली आहे, ८००७००७० दिसलं तर डिस्कवर जागाच उरलेली नाही. दोन अंकांचा फरक आणि दुरुस्ती पूर्ण वेगळी. तेव्हा मेसेज ‘ओके’ दाबून घालवू नका. शक्य असेल तर जसाच्या तसा कॉपी करून पाठवा, कारण तिरक्या, चमकणाऱ्या फोटोतला मजकूर शोधता येत नाही.

गैरसमज : दुखणं आपणच ओळखावं आणि फक्त उपाय विचारावा.
वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, “व्हायरस कसा काढायचा?” दोन अँटिव्हायरस झाले, फॉरमॅटपर्यंत गोष्ट गेली. शेवटी मी विचारलं, व्हायरस आहे हे कशावरून? तर म्हणे, मराठी अहवाल उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. अहवाल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मूळची रोमन अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत; तिथे हा प्रश्न येत नाही. त्यांना हवा होता एक कन्व्हर्टर, आणि ते शोधत होते व्हायरस. प्रोग्रामर मंडळी याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात : अडचण एक, विचारणा भलतीचीच.

‘पुटी’ या प्रोग्रामचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ साली दोष कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. प्रत्यक्ष काय दिसलं आणि तुमचा अंदाज काय, हे वेगवेगळं सांगा, असा त्यांचा आग्रह आहे. अंदाज जरूर सांगा, पण लक्षणांच्या जागी नको.

गैरसमज : सविस्तर लिहीत बसणं म्हणजे वेळ वाया.
वस्तुस्थिती : लिहिता लिहिताच बऱ्याचदा चूक सापडते. ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकामुळे टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड समजावून सांगायची युक्ती प्रसिद्ध झाली. बदक काही बोलत नाही, तरी उपयोग होतो.

गैरसमज : एवढं लिहिण्यापेक्षा समोरच्याला आपला स्क्रीनच देऊन टाकावा.
वस्तुस्थिती : ओळखीचा, खात्रीचा माणूस असेल तर ठीक. पण सर्चमध्ये सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवरच्या अनोळखी माणसाला कधीही नाही. एनीडेस्कसारख्या ॲपमधून फोनचा ताबा घेऊन खातं रिकामं केलं जातं, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. मदतीसाठी ओटीपी, पिन किंवा पासवर्ड लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.