सर्पदंशाच्या पेशंटसोबतची चिठ्ठी

पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून साप चावलेला पेशंट 108 च्या गाडीने जिल्हा रुग्णालयात पाठवला जातो. सोबतच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एवढंच असतं : ‘सर्पदंश. एएसव्ही दिले. पुढील उपचारासाठी रेफर.’ एवढ्यावरून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने ठरवायचं तरी काय?

वेळ आणि व्हायल

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं औषध) चालतं. त्यामुळे साप मारून पिशवीतून आणण्याची काही गरज नसते. पहिला डोस साधारण 10 व्हायलचा. घोणस किंवा फुरसं चावलं असेल, तर रक्त गोठायचं थांबू शकतं. ते तपासायला 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करून बघतात. (प्लास्टिकची नळी चालत नाही, तिच्यात चांगलं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही.) डोसनंतर 6 तासांनी हीच तपासणी पुन्हा करून पुढचा डोस ठरतो. हे 6 तास कधीपासून धरायचे, ते फक्त पहिल्या डॉक्टरला ठाऊक असतं. त्याने वेळ लिहिली नाही, तर पुढचा डॉक्टर उगाच थांबून राहतो, नाहीतर घाईने जादा औषध देतो. म्हणून दंशाची वेळ, डोसची वेळ, व्हायलची संख्या, रिअ‍ॅक्शन आली का आणि नळीतलं रक्त गोठलं का, एवढं तरी चिठ्ठीत हवंच.

‘सीरियस’ म्हणजे किती?

‘पेशंट सीरियस’ या शेऱ्यापेक्षा मोजलेली गोष्ट कामाची. नाग-मण्याराच्या दंशात पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला सांगावं. आरोग्य केंद्रात 25 पर्यंत पोचलेला माणूस जिल्ह्याला 12 वर अडकला, तर श्वासाचे स्नायू दुबळे होत चालले आहेत हे लगेच कळतं. सूज असेल तर तिच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहावी. ही रेघ कुठल्याही चिठ्ठीपेक्षा खात्रीची, कारण ती गाडीत विसरून राहत नाही.

निघण्याआधी फोन

व्हेंटिलेटरची खाट रिकामी आहे का, डायलिसिस होतं का, हे पेशंट तिथे पोचल्यावर विचारून उपयोग नाही. फोनवर कोणाशी बोलणं झालं, त्यांचं नाव चिठ्ठीत लिहावं.

उलट टपाली

जिल्ह्याहून गावाकडे परत जाणाऱ्या माहितीकडे फारसं कोणी बघत नाही. एएसव्हीनंतर एक-दोन आठवड्यांनी काहींना ताप, सांधेदुखी आणि खाज सुरू होते. घोणस चावलेल्याची लघवी कमी होऊ शकते. मूत्रपिंडं बिघडत असल्याची ती खूण. तेव्हा पेशंट जिल्ह्याला परत जात नाही, गावातल्या डॉक्टरकडेच जातो. डिस्चार्ज कार्डावर एकूण किती व्हायल दिल्या, क्रिएटिनिन शेवटी किती होतं आणि पुन्हा कधी तपासायचं हे नसेल, तर तो डॉक्टर तापाची गोळी देऊन मोकळा होतो.