प्रबंधाचं इंजिन

करंजाचं तेल, मोहाचं तेल, जट्रोफा, गोबरगॅस, इथेनॉल. देशातल्या मेकॅनिकलच्या प्रयोगशाळांनी जे जे जाळून पाहिलं, त्यातलं बरंचसं एकाच इंजिनात जाळलं: किर्लोस्कर टीव्ही-१. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे, ताकद ५.२ किलोवॅट, म्हणजे जेमतेम सात अश्वशक्ती. विहिरीवर पंप ओढणाऱ्या इंजिनाच्याच घराण्यातलं. पर्यायी इंधनावरचा प्रबंध उघडला की तिसऱ्या प्रकरणात बहुधा हेच भेटतं. हुबळीच्या बनापूरमठ, तेवारी आणि सहकाऱ्यांनी करंज, जट्रोफा आणि तिळाच्या बायोडिझेलवरचं काम २००८ साली प्रसिद्ध केलं. पुढच्या अनेकांनी त्याच वाटेनं रीडिंगं घेतली.

किर्लोस्कर उद्योगाचं मूळ बेळगावातच आहे. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून कारखाना हलवावा लागला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. डिझेल इंजिनांचा कारखाना पुण्यात निघाला तो १९४६ मध्ये. बेळगावकडे उरल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप. कंग्राळीसारख्या शहराला चिकटलेल्या गावांतली माणसं आजही उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जातात. १९९८ पासून जवळच्या मच्छ्याला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठही आहे.

आता या सात अश्वशक्तीच्या इंजिनाला जहाजांचे प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के जहाजं सोडतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलं. त्यासाठीच्या नियमांवरचा निर्णय मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज ‘लॉरा मर्स्क’ २०२३ मध्ये पाण्यावर आलं. त्याच जहाजात पुढे दहा टक्के इथेनॉल मिसळून पाहण्याचं काम मर्स्कनं हाती घेतलं. ऊसपट्ट्यातल्या माणसानं कान टवकारावेत अशी ही बातमी आहे, कारण बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत इथेनॉल होतंच.

पण छोट्या इंजिनाचं उत्तर जहाजाला लावण्यात अडचण वेळेची आहे. १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला एक फेरा पुरा करायला ४० मिलिसेकंद लागतात. मोठ्या जहाजाचं दोन स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला शंभरेक फेरेच घेतं, म्हणजे फेऱ्याला ६०० मिलिसेकंद. इंधनाला जळायला पंधरापट सवड! अमोनियात कार्बन नाही, म्हणून सगळ्यांचा त्यावर डोळा. पण तो सावकाश जळतो. छोट्या इंजिनात तो अर्धवट जळून बाहेर पडला, तर दोष अमोनियाचा की घाईचा? शिवाय इथे सिलिंडर ८७.५ मिलिमीटरचा, तिकडे काही जहाजांत ९६० चा. इंधनाचा फवारा लहान सिलिंडरात भिंतीवर आदळतो, मोठ्यात भिंतीपर्यंत पोचतच नाही.

मग हे इंजिन कुचकामी का? मुळीच नाही. मिथेनॉलच्या एका किलोतून डिझेलच्या निम्मीही उष्णता मिळत नाही, ते डिझेलसारखं सहज आपोआप पेटत नाही, अशा इंजिनात ते पेटवायला सहसा थोडं डिझेल द्यावं लागतं. नोझल कुठे गंजतं, सील कुठे फुगतं, नायट्रोजन ऑक्साइड कुठल्या लोडला वाढतं, हे सगळं या लहानग्यावर स्वस्तात कळतं. बिघडलं तर सुटा भाग बाजारात मिळतो. जहाजाच्या इंजिनावर असा खेळ कुणी करू देणार नाही. माझी तक्रार इंजिनाविरुद्ध नाही, निष्कर्षाच्या शेवटच्या परिच्छेदाविरुद्ध आहे. तिथे पंपाचं रीडिंग बेधडक बंदरात नेलं जातं.

मधली पायरी आता घरातच तयार होते आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलानं किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॅटच्या सागरी डिझेल इंजिनाचं काम दिलं, खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के सरकारचे. ते उभं राहीपर्यंत इथल्या गाईडांना एकच विनंती. शीर्षकात ‘जहाज’ हा शब्द असेल, तर आपल्या इंजिनाचे फेरे आणि बोअर विद्यार्थ्याला पहिल्याच पानावर लिहायला लावा.