खिशातला जलरोधक कॅमेरा: घेताना आणि वापरताना

ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जीव बघायला आमच्याबरोबर येणारे आणि पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणारे, दोघंही एक प्रश्न हमखास विचारतात: पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा कुठला घ्यायचा? नाव सांगून मोकळं होता येईल, आणि थोड्या वेळाने आम्ही सांगणारही आहोत. पण आमच्या बघण्यातले जे असे कॅमेरे पाणी जाऊन मेले, त्यांतले जवळपास सगळे चांगल्या जातीचेच होते. तेव्हा आधी हे कॅमेरे कोरडे राहतात कसे, ते बघू.

घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. झाकणात रबराची रिंग असते. ती मऊ आहे, स्वच्छ आहे, नीट बसली आहे, तोवर शिट्टी वेळेवर होते. रिंग कडक झाली की कडेने वाफ जायला लागते. मग आपण कुकर वाईट म्हणत नाही, बाजारातून नवी रिंग आणतो. ह्या कॅमेऱ्यांचंही तसंच आहे. बॅटरी आणि कार्डाचं एक दार, बहुधा वायर जोडायचं दुसरं दार, आणि त्यांच्या कडेला रबराची बारीक पट्टी. पाणी आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स ह्यांच्या मध्ये जी वस्तू उघडते-मिटते, ती तेवढीच.

आता थोडं गणित. पाण्यात दर 10 मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. दार 12 चौरस सेंटीमीटरचं धरलं, तर 15 मीटर खोलीवर त्याला बाहेरून 18 किलोचा भार येतो. ऐकायला भीती वाटते, पण गंमत अशी की हा भार दाराला आत, रबरावरच दाबतो. दार नीट लागलेलं असेल तर खोली काही अंशी त्याला मदतच करते. खरा शत्रू असतो रबरावर आडवा पडलेला एक केस, वाळूचा कण, किंवा मागच्या वेळच्या पाण्यातून सुकलेला मिठाचा खडा. त्या केसाच्या दोन्ही बाजूंना रबर पूर्ण टेकत नाही, आणि तेवढी फट पाण्याला पुरते. त्यासाठी 15 मीटर खाली जायची गरज नाही, गुडघाभर पाणीही चालतं.

रबराची दुसरी खोड म्हणजे थंडी. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांत नष्ट झालं. त्याच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन ह्या भौतिकशास्त्रज्ञाने रबरी रिंगचा तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दाखवलं की थंडीत दाब काढल्यावर ते लगेच पूर्वपदावर येत नाही. आपला कॅमेरा काही रॉकेट नाही. पण हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: ह्यांतले बरेच कॅमेरे उणे 10 अंशांपर्यंत चालतील असं कंपन्या सांगतात, तेही बॅटरी लवकर दमेल हे गृहीत धरून. दुसऱ्या टोकाला वज्रेश्वरीसारखी गरम पाण्याची कुंडं. तिथे हा कॅमेरा बुडवू नका. कंपन्यांच्या पुस्तिकांत गरम झऱ्यांना सरळ मनाई असते. साबणाच्या पाण्यालाही असते, कारण साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते बारीक फटीत सहज शिरतं.

आता खोक्यावरचे आकडे. फोनवर आयपी 68 वगैरे लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कठीण, पण नेमकं किती ते कंपनी स्वतः ठरवते. इथे एक बारकावा लोकांच्या लक्षात येत नाही. सात किंवा आठ मिळालं म्हणजे जोराच्या धारेची परीक्षाही पास झाली असं नसतं. तो सहावा आकडा वेगळा. त्यामुळे स्थिर पाण्यात टिकलेलं यंत्र धबधब्याखाली किंवा नळाच्या जोरदार धारेखाली टिकेलच असं नाही. हातात कॅमेरा घेऊन पाण्यात उडी मारू नका म्हणतात ते ह्यासाठीच.

आणि फोन? साध्या पावसात फोन पुरतो, वेगळा कॅमेरा घ्यायची गरज नाही. पण समुद्रात फोन बुडवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. चाचणी गोड्या पाण्यात होते, आपला समुद्र खारा. पाण्याखाली स्पर्शाचा पडदा नीट चालत नाही. शिवाय ज्या फोनवर आपलं बँकेपासून घरच्यांपर्यंत सगळं अवलंबून आहे, तो एका गोगलगायीच्या फोटोसाठी पणाला लावायचा का, ते तुम्हीच ठरवा.

कॅमेऱ्यांचे आकडेही असेच वाचायचे. निकॉनचा डब्ल्यू 300 हा 2017 चा कॅमेरा 30 मीटरपर्यंत चालणारा होता, पण 60 मिनिटं. 2.4 मीटरवरून पडला तरी चालेल असं लिहिलेलं, पण ती चाचणी 5 सेंटीमीटर जाड प्लायवूडवर. राजगडाच्या कातळावर प्लायवूड अंथरलेलं नाही. हे आकडे खोटे नसतात, ते नव्या कॅमेऱ्याचे आणि प्रयोगशाळेतले असतात. एकदा जोरात पडलेला कॅमेरा पुन्हा पाण्यात नेण्याआधी दाराची कड आणि भिंगापुढची काच बारकाईने बघा. दार किंचितही वाकडं वाटलं तर त्या दिवसापासून तो फक्त पावसाचा कॅमेरा.

बाजाराकडे वळू. ही जात आता छोटी झाली आहे. सुरुवात मोठी रंजक होती. समुद्रसंशोधक जाक-ईव्ह कुस्तो आणि बेल्जियन अभियंता जाँ द वूटर्स ह्यांच्या प्रयत्नांतून कॅलिप्सो नावाचा, वेगळ्या पेटीशिवाय पाण्यात जाणारा कॅमेरा झाला, आणि निकॉनने 1963 पासून तो निकोनॉस म्हणून आणला. डिजिटल काळात बऱ्याच कंपन्यांनी खिशातले मजबूत कॅमेरे काढले. फोन सुधारले तशा एकेक मागे हटल्या. ऑलिंपसची टफ मालिका मात्र टिकली. तो व्यवसाय 2021 पासून ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे आहे, आणि 2023 मध्ये टीजी-7 आला. पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-8 2024 मध्ये आला, 20 मीटरचा. स्वस्तात कोडॅकच्या नावाचा डब्ल्यूपीझेड 2 मिळतो, 15 मीटरचा.

आमची पसंती टीजी मालिकेला आहे. ह्या सगळ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, साधारण 6 गुणिले 4.5 मिलिमीटर, करंगळीच्या नखाहूनही लहान. मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या तुलनेत क्षेत्रफळ तिसाव्या हिश्शाच्या आसपास. भिंग बाहेर येत नाही, आतल्या आत हलतं, म्हणून पाण्याला वाट कमी. पण त्यामुळे मोठा सेन्सर बसवता येत नाही. तेव्हा संध्याकाळच्या अंधुक उजेडात किंवा लांबच्या पक्ष्याच्या फोटोत हे कॅमेरे निराश करतात. मेगापिक्सेल वाढवून ते सुधारत नाही. ऑलिंपसने टीजी-4 चे 16 मेगापिक्सेल टीजी-5 मध्ये 12 केले, ते आम्हाला शहाणपणाचं वाटतं. त्या बदल्यात ह्या कॅमेऱ्याला मिळतं ते म्हणजे जवळचं. भिंगापासून एक सेंटीमीटरवरची वस्तू त्याला स्पष्ट दिसते. कासच्या पठारावरचं दवबिंदूचं कीटकभक्षी झाड, बेडकाची अंडी, खडकावरची नखाएवढी समुद्री गोगलगाय. एवढ्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते. त्यावर पुढच्या दिव्याचा उजेड पसरवणारी प्लॅस्टिकची कडी मिळते, ती जरूर घ्या. जुना टीजी-5 किंवा 6 चांगल्या स्थितीत मिळाला तरी हरकत नाही. मात्र वापरलेला कॅमेरा घेतलात तर रबर बदलून मिळेपर्यंत तो पाण्यात घालू नका. त्याचं आधीचं आयुष्य आपल्याला माहीत नसतं. रबर वर्षाला एकदा बदलून घ्यावं, असं नव्याबद्दलही कंपनी सांगतेच.

वापरताना सगळा धोका एकाच क्षणी असतो: दार उघडतो तेव्हा. म्हणून आम्ही किनाऱ्यावर दार उघडतच नाही. आदल्या रात्री बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, कोरड्या खोलीत दिव्याखाली रबर बघायचं, मऊ कोरड्या कापडाने पुसायचं (कापसाने नको, त्याचे तंतू राहतात), दार लावायचं आणि दुसरी खिटीही सरकली का ते बोटाने तपासायचं. कोरड्या खोलीचा दुसरा फायदा वाफेचा. जुलैच्या दमट हवेत दार लावलंत तर ती हवा आतच अडकते. मग गार पाण्यात गेल्यावर भिंगाच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. ते पुसता येत नाही. उलट एसी गाडीतून एकदम बाहेर आल्यावर धरतं ते बाहेरचं धुकं, पाच-दहा मिनिटांत जातं. घाबरून दार उघडू नका.

पाण्याखाली दोन नियम. पहिला, जवळ जा. पाण्यात वस्तू चतुर्थांशाने जवळ भासतात, आणि तारकर्ली-मालवणकडे किंवा गोव्याला पाणी गढूळ असण्याची शक्यता बरीच. मधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. दुसरा, फ्लॅश सरसकट मारू नका. गढूळ पाण्यातले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून पाण्याखालच्या रंगाची सेटिंग लावा. मनगटाला तरंगणारा पट्टा बांधा. हे कॅमेरे बुडतात.

बाहेर आल्यावर दार बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा, बटणं दाबून मीठ सोडवा, सावलीत सुकवा. मगच दार.

एक गोष्ट यंत्राबाहेरची. आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ते मागे जातं. 2020 मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या वसाहती हलवाव्या लागल्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तरी ते आपल्या शहराच्या दाराशी आहे हे कित्येकांना तेव्हाच कळलं. कुठल्या खडकावर काय होतं, हे पुढे विचारलं जातं तेव्हा तारीख, वेळ आणि जागा असलेला साधा फोटोही पुरावा असतो. चुकीच्या तारखेचा सुंदर फोटो नसतो. जागेसाठी जीपीएस आहे, पण ते पाण्याखाली चालत नाही, आणि त्याची नोंद चालू राहिली तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातं. दुर्मीळ ऑर्किड किंवा घरट्याचा फोटो सगळ्यांना पाठवण्याआधी मात्र जागेची नोंद काढून टाका. आणि उधाणाच्या ओहोटीला खडकांत उतरलात तर एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने समुद्राकडे बघायचं. पडद्यात डोकं घातलेल्या माणसाला भरती कळत नाही.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे: पाणी गेलंच तर तांदळात ठेवायचा का? नको. तांदूळ आतलं पाणी ओढून काढत नाही, मीठ तर नाहीच; पिठाची पूड तेवढी आत जाते. लगेच बंद करा, चालतो का ते बघायला पुन्हा सुरू करू नका. बाहेरून पुसून दार खाली धरून उघडा, बॅटरी आणि कार्ड काढा. खारं पाणी लागलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. ती घरात न ठेवता ई-कचऱ्यात द्या. कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे. खाऱ्या पाण्यानंतर तो वाचण्याची आशा थोडीच. कार्ड मात्र गोड्या पाण्यात खळबळून दोन दिवस सुकू द्या आणि मग संगणकाला लावा. फोटो बऱ्याचदा शाबूत निघतात.