तळ्याचा काठ

आमच्या वडिलोपार्जित शेताची पूर्वेकडील सीमा एका तळ्याला भिडते. तळे होळकरशाहीतले, इंदूरपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावरचे. नाव सांगावे इतके मोठे नव्हे. २०१४ साली वडिलांच्या पश्चात वाटण्या झाल्या, तेव्हा काठाचा उत्तरेकडचा भाग थोरल्या बंधूंकडे गेला आणि दक्षिणेकडचा दोनशे फूट आमच्याकडे आला. त्यानंतरच्या काही वर्षांत आम्हां दोघां भावांनी, दोन निरनिराळ्या मार्गांनी, त्या काठाची जी दुर्दशा केली तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण आमच्या वाचकांपैकी माळव्यात, बडोद्याकडे वा बेळगावकडे ज्यांची शेते, बागा किंवा बंगले एखाद्या तळ्याला लागून आहेत, त्यांच्या हातूनही नेमके हेच घडत असावे.

दादांनी २०१९ साली आपल्या काठावर दगडी भिंत घातली. हेतू वाईट नव्हता. पाण्याने जमीन खचू नये, संध्याकाळी वहिनींना चार घटका बसता यावे, काठ कसा स्वच्छ व रेखीव दिसावा! घाटाचे वेड तर आम्हां मराठी माणसांच्या रक्तातच आहे. महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट पाहिलेल्या माणसाला पाण्याशेजारी दगड दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते. परंतु घाट शोभतो वाहत्या नर्मदेला. तळ्याचे पाणी वाहत नाही. वाऱ्याने उठलेली लाट उताराच्या गवताळ काठावर येऊन विरते. उभ्या भिंतीवर मात्र ती आपटते, उलट फिरते आणि भिंतीच्या पायथ्याशीच माती उकरीत बसते. त्यात आमची माती काळी. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात फुगणारी. दोन पावसाळ्यांत मागच्या फुगलेल्या मातीने भिंतीला असा काही रेटा दिला की ती पाण्याकडे वाकली.

आमची चूक याहून साधी. आमच्या काठावर बेशरमाचे रान माजले होते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती, जनावर तोंड लावीत नाही आणि तोडावी तितकी फुटते. आम्ही मे महिन्यात दहा मजूर लावून ती एका दमात साफ केली, तोडलेल्या काड्या पाण्याच्या कडेला टाकल्या आणि पार पाण्यापर्यंत सोयाबीन पेरून मोकळे झालो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात काठाचा बराचसा भाग मातीसकट पाण्यात गेला. बेशरम वाईट खरे, पण तेवढीच मुळे तिथे माती धरून होती, हे आमच्या ध्यानात आले नाही. टाकलेल्या काड्यांनी मात्र ओल मिळताच मुळे धरली!

पाण्यात गेलेली माती एकटी जात नाही. पेरणीच्या वेळी दिलेल्या खतातील स्फुरद मातीच्या कणांना चिकटून तिच्याबरोबर जाते. शेतात जे सोयाबीनला पोसते, तेच तळ्यात शेवाळाला पोसते. पाणी प्रथम हिरवट, मग दाट हिरवे होते. हे शेवाळ मेले म्हणजे ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो, आणि रात्री तर जिवंत शेवाळही तोच प्राणवायू घेते. त्यामुळे मासे मरून वर येतात ते बहुधा पहाटे. आमच्या तळ्यात २०२१च्या ऑक्टोबरात असे झाले. शेजारच्या पटेलांनी कोणीतरी विष कालवल्याचा संशय घेतला. गावात दोन दिवस भांडण चालले. आम्हीही त्या वेळी मान हलविली, ही गोष्ट आज कबूल करणे भाग आहे.

पुढच्या उन्हाळ्यात कन्येकडे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जाण्याचा योग आला. (सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला परदेशी जाण्याची परवानगी कशी मिळते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ती राहते त्या मॅडिसन शहराच्या दोन्ही बाजूंना मेंडोटा व मोनोना ही सरोवरे पसरली आहेत. तेथील विद्यापीठाने सरोवरांचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे चालविला आहे, आणि तरीही मेंडोटाला उन्हाळ्यात शेवाळाचा उपद्रव होतोच. तिच्या एका सहकाऱ्याचे उत्तरेकडे लहानशा सरोवराकाठी घर होते. तिथे आम्ही दोन दिवस राहिलो. घर सुबक, पण काठाची अवस्था पाहून आम्हांला संकोच वाटला. गुडघाभर गवत, झुडपे, आणि पाण्यात चक्क मोठाली झाडे आडवी पडलेली! गृहस्थ आळशी असावेत असा आमचा समज झाला. वस्तुतः ती झाडे त्यांनी हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर मुद्दाम ओढून आणून काठाशी बांधली होती.

त्या राज्यात सरोवराकाठच्या जमिनीविषयी १९६०च्या दशकापासून नियम आहेत. घर पाण्यापासून साधारणपणे पंचाहत्तर फूट मागे असावे, आणि पाण्यालगतची पस्तीस फूट पट्टी झाडाझुडपांची राखावी; पाण्याकडे जायला तीत मर्यादित रुंदीची वाट ठेवता येते. ज्यांनी पूर्वीच काठ तासून हिरवळ केली, त्यांनी साडेतीनशे चौरस फुटांत स्थानिक झाडे लावली किंवा पाण्यात अशी झाडे आडवी टाकली, तर प्रत्येक कामाला हजार डॉलरपर्यंत सरकारी साहाय्य मिळते. पाण्यात पडलेल्या लाकडाचे महत्त्व त्यांनी प्रयोगाने पारखले आहे. त्याच राज्यातील लिटल रॉक सरोवराचे पडद्याने दोन भाग केलेले होते. २००२ साली संशोधकांनी त्यांपैकी एका भागातून काठचे तीन चतुर्थांशाहून अधिक पडके लाकूड काढून टाकले. त्या भागातील पर्च जातीचे लहान मासे जवळजवळ नाहीसे झाले, आणि त्यांवर जगणारे बास नावाचे मोठे मासे जमिनीवरून पाण्यात पडणारे किडेमुंग्या खाऊ लागले व त्यांची वाढ मंदावली. ज्याला आपण कचरा म्हणतो तेच पिलांचे घर होते.

तिकडचे सर्व इकडे चालणार नाही. तिथे पाणी वर्षभर बहुतेक एका पातळीवर असते. आमचे तळे ऑगस्टात शेताला टेकते आणि मे महिन्यात दूर आत सरकते. तरी पस्तीस फुटांची कल्पना आम्ही उचलली. २०२३ साली पटवाऱ्याकडून हद्द पाहून घेतली, कारण तळ सरकारी आणि काठ आपला, ही रेघ स्पष्ट असलेली बरी. दोनशे फूट लांब, पस्तीस फूट रुंद, म्हणजे साडेसहा गुंठे जमीन पेरणीतून सोडली. पाऊण क्विंटल सोयाबीन गेले म्हणा. बेशरम या वेळी तुकड्यातुकड्याने मुळासकट काढली, काड्या उन्हात वाळवून जाळल्या, आणि रिकाम्या झालेल्या प्रत्येक तुकड्यात लगेच वाळ्याचे ठोंब लावले. वाळ्याच्या ओळी उताराला आडव्या, आणि मागची ओळ पुढच्या ओळीतील फटींसमोर येईल अशा. त्याची मुळे पुरुषभराहून खोल जातात. वरच्या अंगाला करंज, जांभूळ व अर्जुनसादडा लावला. लव्हाळा आपोआप आला. पाणकणीस मात्र लावू नये. ते येते आणि मग दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही.

खरा त्रास गुरांचा. बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले, आणि गुरांना पाण्यावर जायला दहा फुटांची एकच खडीची वाट ठेवली. पटेलांना ती आवडली नाही. त्यांच्या म्हशी आजवर हवे तिथून उतरत. पहिल्या वर्षी निम्मे करंज त्या म्हशींच्या पोटात गेले.

तळे निर्मळ झाले असे आम्ही म्हणणार नाही. पश्चिमेच्या अंगाने गावचे गटार त्यात सरळ उतरते, आणि गवताची पट्टी शेतावरून पसरून येणारे पाणी अडवते, नळीतून येणारे नव्हे. ते काम पंचायतीचे. अर्ज दिला आहे. इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही तळी २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत आली, २०२५च्या जानेवारीत शहरालाही पाणथळ शहराचा मान मिळाला. सिरपूर वाचविण्यासाठी आमच्याच इंदूरच्या भालू मोंढे यांनी किती वर्षे वेचली, हे येथील वाचकांना ठाऊक आहे. आमच्या तळ्याला असा कोणी नाही. त्याच्या काठाला फक्त चौदा खातेदार आहेत.

आमच्या दोनशे फुटांपुरते सांगायचे, तर गेल्या दोन पावसाळ्यांत काठ खचलेला नाही. पाऊस पडून गेल्यावर दादांच्या बाजूचे पाणी तांबूसकाळे आणि आमच्या बाजूचे त्याहून पुष्कळ स्वच्छ असते. हिवाळ्यात वारकरी पाखरांचा थवा लव्हाळ्याशी येऊन चरतो, आणि टिबुकलीने या वर्षी तिथे घरटे केले.

भिंतीविषयी दादांपाशी आम्ही अवाक्षर काढलेले नाही. वडीलधाऱ्यांना त्यांची चूक दाखविण्याची रीत आमच्या घरात नाही, आणि आमची चूक काही लहान नव्हती. गेल्या जूनमध्ये त्यांनी गड्याला आमच्याकडे पाठविले. वाळ्याचे दोनशे ठोंब हवेत, म्हणाला. कशासाठी ते त्याला सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नाही. अडीचशे मोजून दिले.