बंद पडण्याआधीची मिनिटे

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने चाचणी उड्डाण केले. मधल्या काळात, २०१८ साली, विमाननिर्मितीच्या प्रकल्पाला पालघर जिल्ह्यात जागा देण्याबाबत राज्य सरकारने करारही केला. नकाशावर पालघरपासून धुळ्यापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती जव्हार-मोखाड्याच्या डोक्यावरून जाते. घरी बांधलेल्या एका इंजिनाच्या विमानात इंजिनवर नजर ठेवणारे उपकरण, म्हणजे इंजिन मॉनिटर, कोणते बसवावे याचा विचार करायला ही रेघ फार उपयोगी आहे. हा प्रश्न सहसा पडद्याचा आकार, रंग आणि किंमत यांवर येऊन थांबतो. माझ्या मते तो जमिनीपासून सुरू व्हायला हवा. खाली जी जमीन आहे तिच्यावर उतरायला जागा नसेल, तर बिघाडाची खबर किती मिनिटे आधी मिळते, हाच निवडीचा पहिला निकष ठरतो.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि तिथून पूर्वेला मोखाडा, खोडाळ्याकडे जमीन चढतच जाते. माथ्यावर थोडी सपाटी, तिच्या कडेला एकदम तुटलेल्या दऱ्या, उतारांवर नागली-वरईची वरकस जमीन आणि ओघळांच्या काठाने भाताची लहान खाचरे. खाचरांचे बांध एकमेकांपासून इतके जवळ असतात, की वेगात उतरणाऱ्या चाकांना सलग अंतर मिळतच नाही. पावसाळ्यात त्याच खाचरांत पाणी उभे असते. एका इंजिनाचे साधारण चार आसनी विमान इंजिन बंद पडल्यावर एक मीटर उंची गमावून आठ-नऊ मीटर पुढे सरकते. जमिनीपासून हजार मीटरवर असताना इंजिन थांबले, तर हाती जेमतेम नऊ किलोमीटर आणि पाचेक मिनिटे उरतात. किनाऱ्याकडच्या सपाटीवर तेवढ्यात एखादे मोकळे शेत गाठता येईल. जव्हार आणि मोखाड्याच्या मधोमध मात्र नऊ किलोमीटरच्या वर्तुळात बहुतेक दऱ्या आणि जंगलच येते. म्हणून इथे इंजिन बंद पडल्यावर काय करायचे या तयारीपेक्षा, ते कुरकुरू लागल्याचे पंधरा-वीस मिनिटे आधी कळणे जास्त मोलाचे आहे. तेवढ्या वेळात वैमानिक ताकद कमी करून पालघरच्या सपाटीकडे वळू शकतो किंवा घाटमाथा ओलांडून नाशिककडे जाऊ शकतो.

विमानाचे पिस्टन इंजिन अचानक बंद पडते असे आपण म्हणतो, पण पुष्कळ बिघाड अचानक नसतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा जळू लागली, की त्या एकाच सिलिंडरच्या एक्झॉस्ट वायूचे तापमान संथ लयीत वरखाली होऊ लागते. हा चढउतार मिनिटाभराच्या अंतराने होतो आणि कित्येक उड्डाणांत दिसत राहतो. इंजिनच्या आवाजात तोवर काहीच फरक पडलेला नसतो. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. त्यांतला एक निकामी झाला तर ज्वलन हळू होते, वायू अधिक गरम असतानाच बाहेर पडतो आणि त्या सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान चढते. सिलिंडर हेडचे तापमान मात्र किंचित उतरते. ज्वलन हळूहळू पुढे न सरकता उरलेले मिश्रण एकदम भडकू लागले, म्हणजे डेटोनेशन सुरू झाले, तर चित्र उलटे होते. हेड झपाट्याने तापते आणि एक्झॉस्ट थंड होतो, कारण उष्णता बाहेर जाण्याऐवजी धातूत शिरते. अशा वेळी पिस्टनला भोक पडायला काही मिनिटे पुरतात. ही तिन्ही दुखणी ओळखायची, तर एकच तापमान पाहून भागत नाही. प्रत्येक सिलिंडरची दोन्ही तापमाने शेजारी शेजारी दिसावी लागतात आणि त्यांतला फरक कोणत्या दिशेने सरकतो आहे हे पाहावे लागते. चार सिलिंडरच्या इंजिनाला चार अधिक चार असे आठ सेन्सर ही माझ्या लेखी किमान गरज आहे. त्यातले चार कमी करून मोठा पडदा घेणे हा तोट्याचा सौदा आहे.

सेन्सर निवडल्यावर तो कसा बसवला यावर सगळे अवलंबून असते, आणि घरी विमान बांधणाऱ्याच्या हाती असलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. तापमान मोजणारे थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की अतिसूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. एक्झॉस्टसाठी वापरतात त्या के प्रकारात हा दाब अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. ७५० अंश सेल्सिअसच्या वायूतही एकूण ३१ मिलिव्होल्टच्या आसपासच मिळतात. आता समजा, तार अपुरी पडली म्हणून कोणी इंजिनच्या कप्प्यातच साधी तांब्याची तार जोडून ती मॉनिटरपर्यंत नेली. जोडाच्या ठिकाणी ८० अंश आहेत आणि मॉनिटर कॉकपिटमधले ३० अंश धरून हिशेब करतो आहे. मग पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा सुमारे ५० अंशांनी कमी येईल. सिलिंडर हेड प्रत्यक्षात २२० अंशांवर असताना वैमानिकाला १७० दिसतील आणि तो निर्धास्तपणे चढत राहील. ॲल्युमिनियमच्या हेडची ताकद २०० अंशांच्या पुढे झपाट्याने घटते. लायकॉमिंगच्या अनेक इंजिनांना २६० अंशांपर्यंत मुभा असली, तरी दीर्घ आयुष्यासाठी तापमान त्याच्या बरेच खाली ठेवतात ते यामुळेच. म्हणून मॉनिटर घेताना त्याच प्रकारची जोडतार पूर्ण लांबीची मिळते का, हे आधी पाहावे. एक्झॉस्टचे सेन्सर सर्व नळ्यांवर सिलिंडरपासून सारख्याच अंतरावर बसले पाहिजेत, नाहीतर सिलिंडरांची तुलनाच खोटी ठरते. तेलाच्या दाबाचा सेन्सर थेट इंजिनवर कसला, तर थरथरीने त्याची मान तुटून सगळे तेल वाहून जाऊ शकते. तो फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीवर, बसवून इंजिनपर्यंत लवचिक नळी न्यावी.

यावर पहिला आक्षेप जुन्या वळणाच्या वैमानिकांचा असतो, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. फेऱ्यांचा काटा, तेलाचा दाब, तेलाचे तापमान आणि स्वतःचे कान एवढ्यावर पिढ्यान्पिढ्या विमाने उडाली. जव्हार संस्थानचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. त्या काळातल्या अनेक विमानांत सर्वांत जास्त तापणारा म्हणून धरलेल्या एकाच सिलिंडरवर तापमापक असे आणि बाकीच्यांचा अंदाज त्यावरून बांधत. पण त्या विमानांमागे मेकॅनिकांची फौज होती, इंजिने ठरलेल्या तासांनंतर उतरवून उघडली जात आणि एकाच जातीच्या असंख्य इंजिनांचा अनुभव एकत्र होत असे. घरी बांधलेले विमान बहुतेक वेळा एकुलते एक असते. त्याचे काऊलिंग म्हणजे इंजिनवरचे आवरण, हवा आत घेणारी तोंडे आणि सिलिंडरांभोवतीचे हवा वळवणारे पत्रे बांधणाऱ्याने स्वतः कापलेले असतात. त्यात कोणता सिलिंडर सर्वांत तापेल, हे पहिल्या उड्डाणाआधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय जुना यांत्रिक दाबमापक बसवायचा, तर गरम तेलाची नळी थेट कॉकपिटमध्ये आणावी लागते. विजेच्या सेन्सरमुळे तेल आणि इंधन फायरवॉलच्या पलीकडेच राहते आणि आत फक्त तारा येतात.

कोरड्या प्रदेशातल्या वैमानिकाला कमी महत्त्वाचा वाटेल, पण सह्याद्रीत टाळता येणार नाही असा एक सेन्सर म्हणजे कार्बोरेटरच्या तापमानाचा. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि तिच्यात पेट्रोलची वाफ होते. या दोन्ही कारणांनी तिथले तापमान बाहेरच्यापेक्षा तीसेक अंशांनीही उतरू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये जव्हारवर ढगांखाली बाहेर २० ते २५ अंश असतात आणि हवा बाष्पाने भरलेली असते. बर्फ साचायला ही परिस्थिती अगदी पोषक आहे, विशेषतः खाली उतरण्यासाठी थ्रॉटल ओढल्यावर. घामाने शर्ट भिजलेला असताना इंजिनच्या घशात बर्फ धरतो हे मनाला पटत नाही, म्हणूनच हा धोका ओळखायला उशीर होतो. ठरावीक कोनाच्या पंख्याच्या विमानात फेरे हळूहळू उतरतात. कोन आपोआप बदलणाऱ्या पंख्यात फेरे तेवढेच राहतात आणि फक्त मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीतला, दाब घसरतो, त्यामुळे कानाला काहीच कळत नाही. थ्रॉटलच्या झडपेजवळचा एक साधा तापमापक शून्याच्या आसपासचा पट्टा दाखवत असेल, तर गरम हवेची कळ वेळेवर ओढली जाते. इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारणाऱ्या इंजिनाला हा सेन्सर लागत नाही. तिथे तेच पैसे इंधनाच्या दाबाच्या सेन्सरवर खर्च करावेत, कारण एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाच्या नळीत पेट्रोलची वाफ अडकते आणि ते आधी दाबातच दिसते.

दुसरा आक्षेप माझ्या मते अधिक वजनदार आहे. इतके आकडे समोर नाचू लागले तर वैमानिक बाहेर पाहायचे सोडून पडद्यात डोके घालून बसेल, आणि डोंगरात ते इंजिनच्या बिघाडाइतकेच घातक आहे. हे खरे आहे. म्हणूनच वैमानिकाने सारखे पाहत राहावे अशी अपेक्षा नसलेला मॉनिटर घ्यावा. मर्यादा ओलांडली की नजरेच्या रेषेत लाल दिवा लागावा, हेडफोनमध्ये सूचना यावी आणि नेमका दोषी आकडाच मोठा होऊन समोर यावा. खोट्या इशाऱ्यांचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. कित्येक किलो धातूचे सिलिंडर हेड एका सेकंदात शंभर अंशांनी तापू शकत नाही. तशी उडी दिसली, तर दोष तारेत किंवा जोडात आहे. जवळपास अंशा-अर्ध्या अंशाने दर सेकंदाला चढणारे तापमान मात्र खरे असते आणि तेव्हा ताबडतोब थ्रॉटल कमी करावा लागतो. हा भेद वैमानिकाने जमिनीवरच शिकून घेतला पाहिजे. सगळी विद्युतव्यवस्था कोलमडली तर काय, या शंकेलाही जागा आहे. मॉनिटरला स्वतःची राखीव बॅटरी असावी, आणि तेलाच्या दाबासाठी वेगळ्या स्विचवर चालणारा एक साधा दिवा जरूर ठेवावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. इंजिन थांबण्याचे एक नेहमीचे कारण इंधन संपणे किंवा चुकीच्या टाकीवर राहणे हे असते, मग सिलिंडरच्या तापमानावर एवढा पैसा का घालावा, असे विचारले जाते. यातला पहिला भाग मान्य करून मी म्हणेन, की इंधनप्रवाह मोजणारा सेन्सर आणि उरलेल्या इंधनाचा हिशेब ठेवणारी सोय यादीत सर्वांत वर असावी. पण दुसऱ्या भागाला अमेरिकेतला अनुभव उत्तर देतो. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. लहान खासगी विमानांत त्यांची संख्या सुमारे १० टक्के असताना २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के निघाला. इंजिनचे बिघाड आणि विमानावरचा ताबा सुटणे ही प्रमुख कारणे होती, आणि बरेच अपघात विमानाच्या उड्डाण-आयुष्याच्या सुरुवातीलाच झाले होते. चाचणी उड्डाणांत इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी साठवलेली माहिती वापरावी, असा आग्रह मंडळाने त्यानंतर धरला. म्हणजे मॉनिटरचा सर्वाधिक उपयोग अगदी पहिल्या काही तासांतच आहे, आणि तो त्याच्या स्मृतीचा आहे. दर सेकंदाची नोंद साठवून ती संगणकावर सहज उतरवू न देणारा मॉनिटर कितीही देखणा असला, तरी मी त्याची शिफारस करणार नाही. छोटा, काळ्या-पांढऱ्या आकड्यांचा, पण नोंद ठेवणारा मॉनिटर त्याहून खूप चांगला.

या नोंदी कशा वाचायच्या, हे विकत घेण्याआधीच ठरवलेले बरे. कारखान्याने भरून दिलेल्या धोक्याच्या मर्यादा इंजिन मोडण्याच्या सीमेजवळच्या असतात. हेडसाठी २६० अंशांचा इशारा वाजेपर्यंत वाट पाहिली, तर जव्हारवरून मागे फिरायला लागणारी मिनिटे संपलेली असतील. सुरुवातीच्या दहा-पंधरा उड्डाणांत सरळ प्रवासात प्रत्येक सिलिंडर कोणत्या तापमानाला स्थिरावतो हे पाहून, त्याच्या वीसेक अंश वर पहिला इशारा आणि २१० ते २२० च्या दरम्यान दुसरा ठेवावा. एप्रिलमध्ये तापलेल्या धावपट्टीवरून चढतानाच्या नोंदी आणि ऑगस्टमध्ये दमट हवेत उतरतानाच्या नोंदी वेगवेगळ्या जपाव्यात, कारण या दोन ऋतूंत तेच इंजिन वेगळे वागते आणि एका ऋतूची सरासरी दुसऱ्याला लावली तर खरा बदल झाकला जातो. एखाद्या सिलिंडरचे तापमान इतरांच्या तुलनेत सलग तीन उड्डाणांत एकाच दिशेने सरकत असेल, तर काऊलिंग उघडून प्लग, व्हॉल्व्ह आणि हवेचे पत्रे तपासावेत, आणि कारण सापडेपर्यंत धावपट्टी नजरेआड होईल इतके दूर जाऊ नये.